अक्षर बदलले, फोटो हरवले नाहीत!



"हार्ड डिस्कमधले सगळे फोटो गेले हो!" अशी तक्रार अलीकडे आमच्या कानावर वारंवार येते. कुठे मुलीच्या लग्नाचे फोटो असतात, कुठे वस्तीच्या जयंती उत्सवाचे, तर कुठे ट्रंकेत जपलेले आजी-आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेले असतात. काल सगळे दिसत होते आणि आज प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह! मग घरात बोलाचाली होते. "तूच काहीतरी दाबलेस" म्हणून पोरांना बोलणी बसतात. आणि घाबरलेल्या अवस्थेत कोणीतरी भलतेच बटण दाबतो. मग जे गेलेले नव्हते, ते खरोखरच जाते.

म्हणून आजच्या सदरात आम्ही या एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. अशा तक्रारींत पुष्कळदा फोटो गेलेले नसतात. बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कला कॉम्प्युटरने दिलेले इंग्रजी अक्षर तेवढे बदललेले असते. हे कसे ओळखावे, दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी आणि पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून काय करावे, ते आपण पाहू.

फाईल कपाटात, नोंद रजिस्टरात

आमचे आयुष्य कारकुनीत चालले आहे, म्हणून कचेरीचेच उदाहरण देतो. कचेरीत फाईल असते कपाटात आणि तिची नोंद असते रजिस्टरात. रजिस्टर सांगते, "अमुक अर्ज, कपाट नंबर पाच, कप्पा दुसरा." आता समजा, रंगकाम करताना कोणी कपाटावरचा पाच हा आकडा पुसून सहा लिहिला. फाईल जागची हललेली नाही. कागद एकही कमी झालेला नाही. पण रजिस्टर पाहून फाईल शोधणारा नवा माणूस पाच नंबरच्या कपाटाकडे जाणार आणि हात हलवत परत येऊन सांगणार, "साहेब, फाईल गहाळ आहे."

कॉम्प्युटरवरील फोटो सांभाळणारे कार्यक्रम नेमके असेच चालतात. लाईटरूम असो, डिजिकॅम असो की जुन्या कॉम्प्युटरवर अजून राहिलेले पिकासा असो, हे कार्यक्रम फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत. फोटो हार्ड डिस्कवर असतात. कार्यक्रमाजवळ असते ती फक्त नोंदवही, म्हणजे कॅटलॉग. त्या नोंदवहीत प्रत्येक फोटोचा पत्ता असतो: "ई या डिस्कवर, फोटो नावाच्या फोल्डरात, १९९१ च्या आत, जयंती, बारावा फोटो." त्याच नोंदवहीत आपण घातलेली नावे, तारखा, शेरे, चेहऱ्यांची ओळख हे सगळे असते.

हार्ड डिस्कचे अक्षर 'ई'चे 'एफ' झाले की पत्त्याचे पहिलेच अक्षर चुकते. पुढचा सगळा पत्ता बरोबर असूनही कार्यक्रमाला फोटो सापडत नाही आणि तो प्रश्नचिन्ह दाखवतो. आपल्या भागात एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा जुने कागद हातात घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची जी तारांबळ उडाली, तीच ही तारांबळ आहे. शेत तिथेच, बांध तिथेच, विहीर तिथेच; फक्त नंबर निराळा.

अक्षर का बदलते?

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात फ्लॉपी असत. त्यांना 'ए' आणि 'बी' ही अक्षरे मिळाली. १९८३ मध्ये त्याच कंपनीचा एक्सटी नावाचा कॉम्प्युटर आला. त्यात दहा मेगाबाईटची हार्ड डिस्क होती आणि तिला पुढचे अक्षर मिळाले, 'सी'. आजच्या मोबाईलचे दोन-चार मोठे फोटोसुद्धा त्या डिस्कवर मावले नसते! फ्लॉपी गेल्या, पण अक्षरांची चाल राहिली. म्हणून आजही विंडोजच्या कॉम्प्युटरवर मुख्य डिस्क 'सी' असते आणि बाहेरून जोडलेल्या वस्तूंना 'डी', 'ई', 'एफ' अशी पुढची मोकळी अक्षरे मिळतात.

एका कॉम्प्युटरने हार्ड डिस्कला एकदा 'ई' दिले की तो कॉम्प्युटर ते सहसा लक्षात ठेवतो. पण हे लक्षात ठेवणे त्या कॉम्प्युटरपुरतेच असते. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, विंडोज नव्याने टाकले किंवा आपण डिस्क लावण्याआधीच एखाद्या पेनड्राईव्हने अथवा कॅमेऱ्याच्या कार्डाने 'ई' बळकावले, की आपल्या डिस्कला दुसरे अक्षर मिळते. एसटीच्या सीटवर रुमाल टाकल्यासारखेच आहे हे. आधी आला त्याची जागा. यात आपला अपराध नाही आणि पोराबाळांचाही नाही.

पाबळला कॉम्प्युटर नवा नाही

कोणी म्हणेल, हे आपले काम नव्हे, शिकलेल्या साहेब लोकांचे. असे म्हणणाऱ्याला आम्ही पाबळचेच उदाहरण देतो. ज्या १९८३ साली तिकडे दहा मेगाबाईटची डिस्क आली, त्याच साली शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या, शाळा सोडलेल्या मुलांनी हाताने काम करावे आणि करता करता शिकावे, हा त्यांचा विचार होता. लोखंड जोडणे, विजेची कामे, शेती, बांधकाम ही सगळी कामे मुले तिथे हाताने करून शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मदतीने कॉम्प्युटरवर आखून वस्तू तयार करण्याची 'फॅब लॅब' पाबळला उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण करून पाहिले की येते, ही त्यांची शिकवण मागे राहिली.

तेव्हा ज्या गावाने हे पाहिले, त्या गावातल्या माणसाने हार्ड डिस्कचे एक अक्षर बदलायला भिण्याचे कारण नाही.

आधी काय करू नये

दुरुस्तीआधी पथ्य सांगतो. ते औषधापेक्षा महत्त्वाचे आहे.

पहिले पथ्य. प्रश्नचिन्ह दिसले की 'रिमूव्ह' म्हणजे काढून टाका, हे बटण दाबू नका. कार्यक्रम काही वेळा स्वतःच विचारतो, सापडत नसलेले फोटो यादीतून काढू का? त्याला 'नाही' म्हणा. तुम्ही होकार दिला तर डिस्कवरचा फोटो तसाच राहतो, पण नोंदवहीतले पान फाटते. त्या पानावर तुम्ही लिहिलेली नावे, शेरे सगळे जाते.

दुसरे पथ्य. "काही नाही, परत सगळे फोटो आत घ्या," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तोही घेऊ नका. फोटो नव्याने आत घेतले की कार्यक्रम त्यांना नवे समजतो. फोटो दिसू लागतात, माणूस खूश होतो, आणि चार दिवसांनी ध्यानात येते की एकाही फोटोला नाव नाही.

तिसरे पथ्य. "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पडद्यावर आले तर 'कॅन्सल' दाबा. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्क नव्याने कोरी करणे. हा आजार अक्षराचा नाही, डिस्कच्या बिघाडाचा असू शकतो. तिथे स्वतः प्रयोग करू नका, डिस्क काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

हे पथ्य आम्ही इतके घोळवून का सांगतो, त्याला कारण आहे. पाबळ परिसरातील एका वस्तीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने घरोघर फिरून जुने फोटो गोळा केले आणि स्कॅन केले. एका आजीजवळ बसून तिने प्रत्येक फोटोतली माणसे विचारून घेतली. ही कोण, ही कोणाची लेक, हे लग्न कोणत्या सालचे, मागे दिसते ती भिंत कोणाच्या घराची. सगळे तिने कार्यक्रमात नोंदवले. पुढे आजी गेल्या. काही महिन्यांनी डिस्क लावली तर सगळीकडे प्रश्नचिन्हे. एका दुकानदाराने सांगितले, "सगळे काढून टाक आणि परत भर, अर्ध्या तासाचे काम आहे." सुदैवाने मुलगी शहाणी. ती म्हणाली, "काका, फोटो परत भरता येतील, पण आजींना परत कुठून आणू?"

तिच्या एका वाक्यात सगळे आले. पेनड्राईव्हने 'ई' घेतले होते आणि डिस्क 'एफ' झाली होती, एवढेच. पेनड्राईव्ह काढला, अक्षर पूर्ववत केले आणि आजींनी सांगितलेली नावे जशीच्या तशी समोर आली. अर्ध्या तासाच्या कामाचा सल्ला ऐकला असता तर ती नावे कायमची गेली असती.

दुरुस्ती पहिली : जुने अक्षर परत देणे

प्रथम खात्री करा. कॉम्प्युटरवर 'धिस पीसी' उघडा, डिस्कवर जा, फोल्डर उघडा आणि दोन-चार फोटो थेट उघडून पाहा. ते उघडले तर फोटो सुखरूप आहेत, असे समजा आणि घरातल्यांना चहा ठेवायला सांगा. मग डिस्कचे आत्ताचे अक्षर कागदावर टिपून घ्या. कार्यक्रमात एखाद्या प्रश्नचिन्हाच्या फोटोचा पत्ता पाहून जुने अक्षर कोणते होते, तेही टिपा.

बाकीचे पेनड्राईव्ह, कार्डे काढून ठेवा. कार्यक्रम बंद करा. आता खालच्या पट्टीवरील 'स्टार्ट'च्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबा. जी यादी येते तिच्यात 'डिस्क मॅनेजमेंट' असते, ते उघडा. तिथे सगळ्या डिस्क दिसतात. आपली डिस्क तिच्या नावावरून आणि आकारमानावरून नीट ओळखा. घाई नको. तिच्यावर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राईव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा, मग 'चेंज' दाबा, जुने अक्षर निवडा आणि 'ओके' म्हणा.

कॉम्प्युटर एक इशारा देईल की अक्षरावर अवलंबून असलेले काही कार्यक्रम नीट चालणार नाहीत, पुढे जायचे का? आपल्याला तेच दुरुस्त करायचे आहे, म्हणून 'येस' म्हणा. यात डिस्कवरचा एकही फोटो पुसला जात नाही. मात्र त्याच यादीत जवळच 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हेही शब्द असतात. त्यांना हात लावायचा नाही. आणि हे काम फक्त बाहेरच्या डिस्कवर करायचे, 'सी'चे अक्षर बदलायच्या फंदात पडायचे नाही. कॉम्प्युटर कचेरीचा किंवा कॉलेजचा असेल तर ही मुभा तुमच्या नावावर नसते, तिथे तो सांभाळणाऱ्यालाच सांगावे लागते.

एक युक्ती. घरातल्या कॉम्प्युटरवर फोटोंच्या डिस्कला 'पी' किंवा 'एक्स' असे दूरचे अक्षर पहिल्यापासूनच देऊन ठेवा. पेनड्राईव्ह, कार्डे सुरुवातीची मोकळी अक्षरे घेतात, तिथवर ती सहसा पोहोचत नाहीत. डिस्क दोन ठिकाणी वापरली जात असेल, तर दोन्ही कॉम्प्युटरांवर तेच अक्षर द्या.

दुरुस्ती दुसरी : नोंदवहीला नवा पत्ता सांगणे

काही वेळा जुने अक्षर परत देता येत नाही. जुनी डिस्क खराब होऊन तिच्यातले फोटो नव्या डिस्कवर घेतलेले असतात, किंवा ते अक्षर त्या कॉम्प्युटरच्या आतल्याच डिस्कचे असते. अशा वेळी नोंदवहीतला पत्ता दुरुस्त करायचा.

लाईटरूम क्लासिकमध्ये डाव्या बाजूला फोल्डरांची यादी असते. हरवलेल्या फोल्डरावर प्रश्नचिन्ह असते. त्याच्यावर उजवे बटण दाबून 'फाईंड मिसिंग फोल्डर' निवडायचे आणि डिस्कवरचे तेच फोल्डर नव्या अक्षराखाली दाखवायचे. एकेका छोट्या फोल्डराला हे करत बसू नका. सगळ्यांत वरचे, म्हणजे ज्याच्या पोटात बाकीची आहेत, ते फोल्डर दाखवले की खालची सगळी आपोआप जुळतात. थोरल्याची समजूत घातली की धाकटे ऐकतात, तसे. एखादाच फोटो हरवला असेल तर त्याच्या खुणेवर टिचकी मारून 'लोकेट' म्हणा, तो फोटो दाखवा आणि जवळपासचे हरवलेले फोटोही शोधण्याची परवानगी तिथेच द्या.

हे जुळणे एका अटीवर होते. अक्षरानंतरचा पत्ता तोच हवा. म्हणून मधल्या काळात फोल्डरांची नावे बदलू नका, फोटो इकडून तिकडे हलवू नका. बदलायचेच असेल तर ते त्या कार्यक्रमाच्या आतूनच बदला, म्हणजे नोंदवहीला कळते.

लाईटरूमला दरमहा पैसे मोजावे लागतात. कष्टकरी घराला ते परवडतेच असे नाही. डिजिकॅम हा कार्यक्रम फुकट मिळतो, तोही राजरोस, चोरून नव्हे. जगभरातले कार्यकर्ते तो २००१ पासून मिळून तयार करत आले आहेत. त्याची एक खुबी अशी की बाहेरच्या डिस्कला तो अक्षरावरून नव्हे, तर डिस्कच्या आत नोंदलेल्या तिच्या स्वतःच्या क्रमांकावरून ओळखतो. माणसाला खोलीच्या नंबरावरून न ओळखता अंगठ्याच्या ठशावरून ओळखावे, तसे. त्यासाठी सुरुवातीला फोटोंचे फोल्डर 'रिमूव्हेबल मीडिया' म्हणजे काढ-घाल करायच्या डिस्कवरचे, असे नोंदवावे लागते. मग अक्षर बदलले तरी त्याचे अडत नाही आणि डिस्क लावलेली नसेल तर परत लावेपर्यंत तो नोंदी सांभाळून ठेवतो.

गूगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केले. ज्यांचे फोटो अजून त्यातच आहेत, त्यांनी तो कॉम्प्युटर चालू आहे तोवरच नावे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

नाव फोटोच्या पोटात घाला

आता मुद्द्याचे बोलू. अक्षर परत मिळवता येते, पत्ता दुरुस्त करता येतो. पण नोंदवहीच बिघडली किंवा तो कार्यक्रमच बंद पडला तर? म्हणून नाव फक्त नोंदवहीत ठेवू नये, ते फोटोच्या फाईलच्या आतही लिहावे. तशी सोय आहे. कॅमेरा तारीख आणि वेळ फाईलच्या आत लिहितोच, त्याच शेजारी आपलेही चार शब्द राहू शकतात. देवनागरीत लिहिले तरी चालते.

लाईटरूममध्ये फोटो निवडून 'सेव्ह मेटाडेटा टू फाईल' असा हुकूम द्यावा लागतो. डिजिकॅममध्ये सेटिंगमध्ये जाऊन नावे आणि मजकूर फाईलमध्ये लिहा, असे एकदा सांगून ठेवावे. काहीच कार्यक्रम नसेल, तर विंडोजमध्ये फोटोवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'डिटेल्स' उघडा. जेपीजी प्रकारच्या फोटोला तिथे शीर्षक आणि शेरा लिहिता येतो. मग तो फोटो कोणत्याही डिस्कवर, कोणत्याही अक्षराखाली गेला तरी नाव त्याच्याबरोबर जाते.

एक सावधगिरी. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आत लिहिलेली ही माहिती गळून पडते. महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आणि काय लिहावे? डावीकडून उजवीकडे कोण कोण उभे आहे, ठिकाण कोणते, साल कोणते, प्रसंग कोणता आणि ही माहिती कोणी सांगितली. नक्की माहीत नसेल तिथे 'अंदाजे' लिहावे. बायामाणसांना 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे लिहून मोकळे होऊ नये. तिचे स्वतःचे नाव विचारून लिहावे. आपल्या घरांतून पुरुषाचे नाव कुठे तरी हजेरीपटावर, सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर सापडते. आजीचे नाव पुष्कळदा त्या एका फोटोखालीच राहायचे असते.

यासाठी एक मोठे उदाहरण आपल्याच पुणे शहरात घडले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही त्यात आहेत, त्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइटवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण संग्रह मुका झाला नाही. कारण ओवीच्या शेजारी ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिलेले होते. पुढे 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने तो संग्रह हाती घेतला, तेव्हा त्यांची माणसे त्या नावांच्या आधारे पुन्हा त्या बायांच्या दारापर्यंत पोहोचू शकली. नावच नसते तर लाख ओव्या असूनही दार सापडले नसते.

कल्याणचे विजय सुरवाडे यांनी बँकेत नोकरी करता करता बाबासाहेबांची दुर्मिळ छायाचित्रे वर्षानुवर्षे जमवली, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. अशा कामात फोटो मिळवणे हा अर्धा भाग. तो कधीचा, कुठला, बाजूला कोण उभे आहे, हे शोधणे हा दुसरा आणि अधिक कष्टाचा अर्धा भाग. थोरामोठ्यांच्या फोटोसाठी असा शोध घेणारे अभ्यासक भेटतात. तुमच्या-आमच्या आजीच्या फोटोसाठी कोण येणार? ते काम घरातल्यांनीच करायचे.

तीन प्रती आणि एक वही

शेवटी जपणुकीचे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा नियम लोकांत रुजवला. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. आपल्या भाषेत सांगायचे तर एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत. घरात पाणी शिरले, आग लागली, चोरी झाली तरी एक प्रत वाचते.

इथे एक गैरसमज दूर करतो. लाईटरूम बंद करताना "बॅकअप घेऊ का" असे विचारते आणि आपण 'हो' म्हणून निर्धास्त होतो. तो बॅकअप फक्त नोंदवहीचा असतो, फोटोंचा नव्हे. रजिस्टरची नक्कल केली म्हणून कपाटातल्या फायलींची नक्कल होत नाही. दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या घ्याव्या लागतात.

डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढा, ओढून काढू नका. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून फोटो उतरवण्याचे काम चालू असताना लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवा. डिस्कला ओळखू येईल असे नाव द्या आणि तिच्या अंगावर कागदी पट्टी चिकटवून अक्षरही लिहून ठेवा: "फोटोंची डिस्क, अक्षर पी." म्हणजे पुढे कोणी घाबरणार नाही.

आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका. त्यांच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने वळ उमटतात आणि शाई पुढे फुटते. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. शंभर पानी वहीत फोटोंचा क्रमांक आणि त्यासमोर नावे, अशीही एक नोंद ठेवा. वहीला अक्षरही लागत नाही आणि वीजही लागत नाही.

येत्या रविवारी एवढे करा. घरातली डिस्क काढा, तिला कायमचे अक्षर द्या. मग घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. १ जानेवारीला कोरेगावला मानवंदनेला गेल्याचा जुना फोटो असेल, मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या आजोबांनी स्टुडिओत काढलेला फोटो असेल, तो समोर धरा आणि विचारा, "आजी, ही कोण?" पहिल्याच दिवशी दहा फोटो झाले तरी पुष्कळ. हरवलेले अक्षर कॉम्प्युटर दोन मिनिटांत परत देतो. सांगणारे माणूस गेले की ते नाव देणारे कोणी उरत नाही.

जयभीम!